कोयता दोघींचा

माझं संमतीपत्र चार पानांचं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. तीन महिने खपून मी ते तयार केलं होतं. तुमची गोष्ट कुठे दिसणार, कोण ऐकणार, नाव लावायचं की बदलायचं, उद्या मन बदललं तर गोष्ट परत कशी घ्यायची, सगळं साध्या मराठीत आणि मोठ्या अक्षरात. आमचे संचालक शिवमूर्ती सर त्याला 'रेणुकाबाईंची पोथी' म्हणायचे. म्हणू देत. पहिल्या प्रदर्शनात आम्ही एका माणसाचा वीटभट्टीवरचा फोटो त्याला न विचारता लावला होता, आणि त्याच्या लेकीच्या होणाऱ्या सासरच्यांनी तो बघून नको ते प्रश्न विचारले होते. तो माणूस येऊन ओरडला असता तर मला परवडलं असतं. तो नुसता हात जोडून उभा राहिला. तेव्हापासून पोथीशिवाय मी कुणाच्या दारात पाऊल टाकत नाही.

नांदेडला एका जुन्या जिनिंगच्या गोदामात आमचं संग्रहालय आहे. गाव सोडून पोटामागे गेलेल्या माणसांच्या गोष्टी आणि वस्तू आम्ही जमवतो. यंदाचा विषय ऊसतोड होता. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि मधली सगळ्यात मोठी भिंत मी एकाच गोष्टीसाठी राखून ठेवली होती. ती भोकरजवळच्या एका खेड्यातल्या मंजुळाबाईंची.

मंजुळाबाई साठीच्या, लहानखुऱ्या आणि बोलायला तिखट. पहिल्यांदा गेले तेव्हा अंगणातली सगळी माणसं मला 'राम राम' म्हणाली, या एकट्या 'नमस्कार' म्हणाल्या. मला वाटलं, बाई जरा शहरात राहून आलेल्या दिसतात. शेजारी बाजेवर त्यांचे यजमान रामकिशनराव बसले होते. पाय थोडा अधू, पण जीभ एकदम ठणठणीत.

सुरुवात म्हणून मी प्रदर्शनातली एक पाटी वाचून दाखवली. "कोयता : ऊस तोडण्याचे अवजार."

"हे कोण सांगितलं तुमाला?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"म्हणजे? कोयता अवजारच की."

"ते तर लोखंड झालं. कोयता म्हंजी दोन माणसं. एक नवरा अन् एक बायकू. तुझ्या टोळीत कोयते किती, असं इचारतेत. दहा म्हणलं की वीस माणसं समजायची. एकटं माणूस म्हंजी अर्धा कोयता. त्याला मुकादम उभा करत न्हाई."

दोन वर्षं मी या विषयाच्या मागे होते. मी भोकरशेजारच्या उमरीची, म्हणजे काही परदेशातली नव्हे. तरी हा शब्द मला लोखंडाच्या पुढे कधी दिसला नव्हता. मी मुकाट्यानं पाटी खोडली आणि रेकॉर्डर सुरू केला.

गोष्ट अडतीस वर्षांपूर्वीची. पावसानं दगा दिलेलं साल. दसऱ्याच्या आसपास बैलगाडी उलटून रामकिशनरावांचा पाय दोन ठिकाणी मोडला. ऊसतोडीला जायचं तर जोडी हवी, आणि जोडीतला गडी बाजेवर. शेजारच्या घरी तुळजाबाई. ऐन तेविशीत विधवा झालेली, लहान लेकीसह माहेरी परत आलेली, अंगानं उंचपुरी. मंजुळा अर्धा कोयता, तुळजा अर्धा कोयता. दोन अर्धे मिळून एक पुरा होतो हे शाळेतल्या गुरुजींना पटलं असतं, मुकादमाला पटणार नव्हतं. मग या दोघींनी ठरवलं की लांबच्या, ओळख नसलेल्या मुकादमाच्या टोळीत जायचं आणि तुळजानं गडी व्हायचं.

"माझंच धोतर दिलं तिला," रामकिशनराव मध्येच म्हणाले. "पटका म्या सोता बांधला, ह्या हातानं. माझ्यापरीस तिलाच शोभत होता. अख्खं गाव हसून राहिलं होतं, पण कुणी बाहेर एक शबुद काढला न्हाई."

सांगलीकडच्या फडात सहा महिने दोघींनी ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, ट्रक भरले. कुणाला पत्ता लागला नाही. रामकिशनरावांनी ही गोष्ट आजवर शंभर वेळा सांगितली असावी. कुठे थांबायचं आणि कुठे मांडीवर थाप मारायची हे त्यांना बरोबर माहीत होतं.

"आणि मुकादमाला गड्याचं नाव काय सांगितलं?" मी विचारलं.

"गणपत," मंजुळाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहानंतर मी पोथी काढली. चारही पानं मोठ्यानं वाचली. मंजुळाबाईंनी मान हलवत सगळं ऐकलं, आणि मी पेन पुढे केल्यावर हात मागे घेतला.

"माझ्या एकटीचं दस्तखत कसं चालंल?"

"गोष्ट तुमची आहे ना?"

"कोयता दोघींचा हाय. मुकादम चवथी नापास होता, पर दोघांचे अंगठे घ्यायचा. तुमी येवढ्या शिकलेल्या, अन् एकीला इचारून दुसरीला भिंतीला टांगता का? तुळजी अजून जिती हाय. जळकोटला लेकीपाशी असते."

कान लाल झाले माझे. सांगणाऱ्याचा इतका विचार केला होता मी, पण गोष्टीत जी दुसरी माणसं येतात त्यांच्यासाठी चार पानांत एक ओळ नव्हती. रागही आला, कारण उद्घाटन बारा दिवसांवर होतं. पण बाईंचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

दोन दिवसांनी आम्ही दोघी नांदेडहून जळकोटच्या बसमध्ये बसलो. कंडक्टरनं दोन अर्धी तिकिटं फाडली. "आता बाईचं तिकीट अर्धं," मंजुळाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तवा बाईच अर्धी होती." कंधारच्या स्टँडवर एक बाई पाटीत रामफळं घेऊन आली. मंजुळाबाई मला म्हणाल्या, "घ्या की दोन. ते, सीताफळाचा भाऊ."

"रामफळ?"

"तेच ते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. राम राम नाही, रामफळ नाही. नवऱ्याचं नाव रामकिशन, मग त्यातला रामसुद्धा जिभेवर येऊ द्यायचा नाही. माझ्या आजीचं असंच होतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला तिच्या आजीनं सांगितलेलं. सुटका एकच, उखाणा. उखाण्यात नाव घेतलं तर दोष लागत नाही. मी मंजुळाबाईंना थोडं चिडवलंसुद्धा, की देवळात तुमची मोठी पंचाईत होत असेल. त्या हसल्या नाहीत.

तुळजाबाईंना आधी निरोप दिला नव्हता. दारात मंजुळाबाईंना बघितलं आणि त्यांनी सरळ त्यांच्या पाठीत धपका घातला. "तीन वर्सं झाली, मेले का जगले बघायला आली न्हाईस." मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या की तुळजाबाईंच्या लेकीला, दीपालीला, हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर यावं लागलं. तुळजाबाई अजून उंचच होत्या. दात गेलेले, हसू मात्र सगळं शाबूत.

मी आल्याचं कारण सांगितलं आणि रेकॉर्डिंग लावलं. तुळजाबाई पदर तोंडाला लावून मजेत ऐकत होत्या. पटका बांधायचा भाग आला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब. पटका बांधला, ते खरं. पर म्या कवा गडी झालते ग मंजुळे?"

मंजुळाबाई पायाजवळची चटई उगाच सरळ करू लागल्या.

"घरून निघतानी मीच होते गडी," तुळजाबाई मला सांगू लागल्या. "पर ट्रकपाशी गेलो, अन् गड्यावानी बोलायला तोंड उघडलं की मला हसूच फुटायचं. खी खी, खी खी. मुकादम दहा पावलांवर. ही म्हणली, आण ते धोतर हिकडं, तू दोघींलाबी फशिवतीस. बाभळीमागं आमी कपडे बदलले. सहा महिने गडी ही होती. कामून खोटं सांगितलंस ग?"

मी रेकॉर्डर बंद केला आणि पिशवीत टाकला. पोथीत हे लिहिलेलं नाही, पण मंजुळाबाईंचा चेहरा बघून कुणीही तेच केलं असतं.

त्यांनी सांगितलं ते हळू आवाजात. नाव गणपत ठरलं होतं. पण मुकादमानं अंगावर ओरडून विचारलं, 'नाव काय रे तुझं?' आणि घाबरून तोंडातून घरातलंच नाव निघालं. जे लग्नापासून एकदाही उच्चारलं नव्हतं तेच. मुकादमानं लिहून घेतलं, मग बदलता येईना. रोज सकाळी हजेरीला तो पुकारायचा, "रामकिशन," आणि मंजुळाबाई म्हणायच्या, "हाव." पौषात गावाकडून निरोप आला, की पाय सुजलाय, ताप मेंदूत चढलाय, नांदेडच्या दवाखान्यात नेलंय.

"मला वाटलं, म्याच खाल्लं त्यांचं आयुष्य," त्या म्हणाल्या. "नाव घिऊन घिऊन. वापस आले तर ते बरे झालते. म्हणलं, पुन्ना त्या वाटंला जायचं न्हाई. घरी सगळ्यांला तुळजाच गडी म्हाईत होती, तीच ठिवली."

मग तुळजाबाईंनी माझ्यापुढे हात पसरला. "आण ते कागूद. म्या होते गडी. लिव तसंच. मंजुळीसाठी येवढंबी करत न्हाई का मी?"

खरं सांगते, मला मोह झाला. दोघींची संमती तयार, बायका खूश, पत्रिका छापलेल्या, भिंत भरली असती. एकच अडचण होती, गोष्ट खोटी होती. आणि दुसरी, जी मला त्याहून टोचत होती.

"मंजुळाबाई, कोयता दोघींचा, हे तुम्हीच मला शिकवलंत," मी म्हणाले. "पण नाव तिसऱ्याचं आहे. त्यांना माहीतच नाही."

"त्यांना सांगायचं?" मंजुळाबाई कडाडल्या. "अडतीस वर्सं म्या कशाला झाकलं मग? तुमाला भिंत भरायची हाय, माझ्या घराचं काय हुईल त्याची फिकीर हाय का?"

"आहे. म्हणून मी त्यांना काही सांगणार नाही. खरी गोष्ट लावणार नाही आणि खोटीही लावणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर आजचं सगळं इथेच राहील."

त्या परतीच्या वाटेवर कंधारपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. कंधारला पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, ती पण न बघता.

शिवमूर्ती सरांना मी एवढंच सांगितलं की मधली भिंत बहुधा रिकामी राहील.

"रेणुकाबाई, पाहुणे काय चुना बघायला येणार आहेत?"

"गोष्ट परत घ्यायचा हक्क तिसऱ्या पानावर आहे, सर. तुमचीच सही आहे त्याखाली."

"मी वाचून थोडीच करतो सही," सर म्हणाले, आणि तणतणत निघून गेले. संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतःच सुताराला फोन करून सांगितलं की मधल्या भिंतीचं काम सावकाश होऊ दे. माणूस वाईट नाही.

मी रोज फोनकडे बघत होते. मंजुळाबाईंनी सांगावं असं मला वाटत होतं, आणि माझ्या प्रदर्शनापायी एका म्हातारीच्या संसारात खडा पडू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटलं की झोप येत नाही.

उद्घाटनाला चार दिवस असताना फोन आला. "या. तुळजीबी आली हाय." आणि फोन बंद.

मी पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. रामकिशनराव अंगणात बाजेवर बसून ओला हरभरा सोलून खात होते. तुळजाबाई पायरीवर. मंजुळाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या, डोक्यावरून पदर, नवं लुगडं.

"या बाई," रामकिशनराव मला म्हणाले. "काय चालून राहिलंय कुणास ठाऊक. ही सकाळधरनं नटून उभी हाय. कुणाचं लगीन हाय का घरात?"

"नाव घ्यायचंय तिला," तुळजाबाई म्हणाल्या.

"ह्या वयात?"

"ऐका की गप."

मंजुळाबाईंनी चौकट आणखी घट्ट धरली. नजर जमिनीवर. आणि एका दमात म्हणाल्या,

"डोईला पटका, हातात कोयता, उसावर घातला घाव,
सहा महिने हजेरीला मीच लावलं रामकिशनरावांचं नाव."

"वा," रामकिशनराव सवयीनं म्हणाले. उखाणा ऐकला की पुरुष वा म्हणतात, अर्थाकडे कोण बघतो? त्यांनी आणखी एक घाटा सोलला. मग त्यांचा हात थांबला.

"मीच म्हंजी?"

"मीच म्हंजी म्या," मंजुळाबाई म्हणाल्या. "तुळजी न्हाई. गडी म्या झालते. अन् नाव गणपत न्हाई, तुमचं सांगितलं. रोज सकाळी. तुमचा ताप डोक्यात गेला तो माझ्यामुळं. आता काय बोलायचं ते बोला."

आणि त्या रडायला लागल्या. मी पायरीवर कुठेतरी बसले. रामकिशनराव एकदा तुळजाबाईंकडे बघत, एकदा बायकोकडे, अन् मध्येच हातातल्या हरभऱ्याकडे.

"मुकादम शिव्या द्यायचा का?" शेवटी त्यांनी विचारलं. "रामकिशनला?"

उत्तर तुळजाबाईंनी दिलं. "बाकीच्यांला द्यायचा. रामकिशनला न्हाई. सगळ्यात मोठी मोळी रामकिशनची. मुकादम म्हणायचा, नांदेडकडचा हा गडी दिसतो येवढासा, पर लई कामाचा हाय."

"लई कामाचा म्हणायचा?"

"हाव. चारचौघांत."

रामकिशनराव हसायला लागले. आधी खांदे हलले, मग बाज करकरली. "अन् मी हितं म्हणत होतो, ह्या हिवाळ्यात येवढ्या उचक्या कामून लागून राहिल्यात. रोज सकाळी, बरूबर हजेरीच्या टायमाला."

तुळजाबाईंनी हसता हसता पायरीवर लोळणच घेतली. मंजुळाबाई पदरानं डोळे पुसत होत्या, हसूही येत होतं आणि ते आवरतही होत्या. "हसता काय? नावानं आयुष्य कमी हुतं."

"सहा महिने रोज घेतलंस. तरी सासष्ट वर्सांचा होऊन हरभरे खाऊन राहिलो. अजून किती घेणार?"

मग मी पोथी काढली. सहीच्या एकुलत्या जागेखाली पेनानं आणखी दोन रेघा ओढल्या. तुळजाबाईंनी सही केली, मंजुळाबाईंनी केली. रामकिशनरावांना मी नियमाप्रमाणे सगळं पुन्हा वाचून दाखवलं. तुमचं नाव भिंतीवर येईल, लोक वाचतील, गावातलेही वाचतील. नको असेल तर आपण दुसरं नाव घालू. गणपत घालू. त्यानं गोष्टीचं काही बिघडत नाही.

ते पेन हातात धरून बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. हसू कुठे गेलं कळलं नाही.

"बाई, त्या साली म्या ह्याच बाजेवर पडून होतो," ते म्हणाले. "बायकू ऊस तोडायला गेलेली, अन् गडी घरात. लोक दारावरून जातानी इचारायचे, रामकिशन काय करून राहिला? मी तोंड भिंतीकडं करून झोपेचं सोंग घ्यायचो. अडतीस वर्सं ही गोष्ट मी हसून सांगतो, पर त्यात मी कुठंच न्हाई. नुसता पटका बांधून देणारा."

मंजुळाबाई दारातून पुढे आल्या आणि बाजेच्या कडेला टेकल्या. त्यांच्याजवळ, सगळ्यांदेखत.

"नाव बदलू नगा," रामकिशनराव मला म्हणाले आणि सही करायला वाकले. "मोठ्या अक्षरात लिवा. त्या साली रामकिशन घरात पडून नव्हता. रामकिशन ऊस तोडत होता."